धुतलेले कपडे धुण्याची मशीन

आमच्याकडे कपडे धुण्याची मशीन आली ती सायकलरिक्षात बसून. बाबा मागून चालत आले, कारण मशीनने त्यांना बसायला जागाच ठेवली नव्हती. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात कुणी न सोडवलेला माल विकायला निघाला होता, त्यात ही विलायती बाई होती. चार पायांवर गोल टाकी, वर कपडे पिळायला उसाच्या चरकासारखे दोन रबरी रूळ, आणि आत उंदरांचा सुखाचा संसार.

आईने आधी मशीनकडे पाहिलं, मग बाबांकडे. "अवो, हे काय उचलून आणलं? चालते का हे?"

"चालवतो न मी," बाबा म्हणाले. "तुह्या हातासाठी आणली."

आईच्या हातांचं दुखणं दर हिवाळ्याचं. थंडगार पाणी आणि धुण्याचा सोडा यांनी तळव्यांना भेगा पडत, कधीकधी त्यांतून रक्त येई. माझ्या केसांना तेल लावताना केस त्या भेगांत अडकत आणि आम्ही दोघी एकदमच "आई गं" म्हणत असू. डॉक्टरांनी साबणाला हात लावू नका म्हणून बजावलं होतं. पण मोलकरणीचं धुणं आईला पसंत पडेना. मी तेव्हा कॉलेजात होते. "मी धुते," म्हटलं, तर म्हणाली, "तुह्यं धुणं म्हणजे कपड्याले पाणी दाखवून आणणं." मी पुन्हा विचारलं नाही. मलाही मान होता.

बाबा कचेरीत कारकून. पण नागपूरचा पुरुष कोणतीही नोकरी करो, आतून तो कूलरचा मेकॅनिकच असतो. दर रविवारी ते अंगणात मशीन उघडून बसत. गंज घासला, उंदरांना घराबाहेर काढलं, जरीपटक्याच्या बाजारात फिरून रुळांसाठी रबर आणलं. या सगळ्यात त्यांचा एक पांढरा शर्ट ग्रीसने कायमचा काळा झाला. शेवटी कळलं की मोटर जळलेली आहे. बाबांनी दोन दिवस मशीनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांची नजर व्हरांड्यात पोत्याखाली झोपलेल्या कूलरवर गेली. आमचा कूलर जुना, पट्ट्यावर फिरणारा. त्याची मोटर पुलीसकट निघाली आणि मशीनला चपखल बसली.

"अन् उन्हाळ्यात काय कराल?" आईने विचारलं.

"तवाचं तवा पाहू."

हे कोण बोलत होतं? मे महिन्यात ऑफिस सोडलं तर कूलरसमोरून न हलणारा, आणि लाइट गेली की साऱ्या घरावर खेकसणारा माणूस.

मशीन सुरू झाली आणि थरथरत तुळशीच्या दिशेने चालायला लागली. बाबांनी तिला कवेत धरून ठेवलं. मग पायांखाली पोत्याच्या घड्या दिल्या, तेव्हा कुठे बाई एका जागी राहिल्या. मोहल्ल्यातल्या बायका बघायला आल्या. आईने सगळ्यांना चहा केला आणि रुळांतून पिळून निघालेली चादर साडी दाखवावी तशी दाखवली.

पण हात काही बरे होईनात. संक्रांत गेली, तरी भेगा तशाच. बाबा रोज तिचे तळवे उलटून बघत आणि खट्टू होत.

एक दिवस मी कॉलेजातून लवकर आले तर मागच्या अंगणात धपधप आवाज. आई दगडावर कपडे घासत होती. शेजारी स्वच्छ धुतलेल्या कपड्यांची बादली, मशीनमध्ये जायच्या तयारीत.

"आई, हे काय करून राहिली?"

"मग? एवढी मेहनत करून त्यांनी चकचकीत केली. तिच्यात मळके कपडे टाकू का?" ती मलाच रागावली. "मशीन घाण नाही होणार?"

म्हणजे इतके दिवस आमची मशीन धुतलेले कपडे धूत होती! मला हसू आवरेना, आणि हसता हसता तिचे हात बघून रडूही आलं. संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्यांनी तो ग्रीसचा शर्ट, माझे चिखलाचे परकर, पायपुसणंसुद्धा उचललं आणि आईच्या देखत सगळं एकदम मशीनमध्ये कोंबलं.

"अवो, घाण होते न ती!"

"होऊ दे. देवघरात ठेवाले नाही आणली तिले."

आई दिवसभर फुगून होती. पण त्या दिवसापासून दगड सुकला. होळीपर्यंत तिच्या भेगा भरून आल्या.

मग ऊन तापायला लागलं. एका सकाळी आई स्वतःच पाना घेऊन मशीनपाशी उभी राहिली. "काढा मोटर. दगड आहे न माहा. तुम्हाले कूलरबिगर झोप येत नाही."

बाबा घामाने भिजलेले होते. त्यांनी तिच्या हातातून पाना घेतला, तिचा तळवा उलटून पाहिला आणि पाना खिशात टाकला. "राहू दे तिथंच. कूलरचं पुढच्या साली पाहू."

तो उन्हाळा आम्ही ओल्या चादरी पांघरून काढला. चादरी अर्थातच मशीनच्या रुळांतून पिळलेल्या. बाबा रोज उकाड्याला शिव्या देत, मोटरचं नाव मात्र कधी काढलं नाही. त्यांची पाठ घामोळ्यांनी लालबुंद झाली होती. दुपारी ते पालथे पडत आणि आई मुलतानी माती कालवून त्यांच्या पाठीला लावत असे. पहिल्या दिवशी ती भीत भीत, बोटांच्या टोकांनीच लावत होती.

"पुरा हात लाव न," बाबा उशीत तोंड खुपसून म्हणाले. "आता टोचत नाही तुहा हात."