हरवलेल्यांचा मांडव

नवरा गेला त्याला तीन महिने पुरे व्हायचे होते, तेव्हा दादानं मला फनफेअरमध्ये माईकसमोर बसवलं.

दादाचा लाउडस्पीकरचा आणि मांडवाचा धंदा होता. ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. तेव्हा रत्नागिरीला रेल्वे नव्हती. मे महिना लागला की एसट्या भरभरून मुंबईचे चाकरमानी उतरायचे. सकाळी आंबे, दुपारी झोप, आणि संध्याकाळी पोरांना न्यायचं कुठं, तर मांडवीच्या किनाऱ्यावर. त्या वर्षी मांडवीजवळच्या मैदानात घाटावरून एक फनफेअर आलं होतं. आकाशपाळणा, मौत का कुआँ, लाकडी घोडे, वेडेवाकडे दाखवणारे आरसे आणि रुळांवरून गोल फिरणारी पोरांची आगगाडी. पहिल्याच संध्याकाळी इतकी माणसं लोटली की कुंपणाचे बांबू मोडले आणि सहा मुलं हरवली. सहाही सापडली, पण त्यातलं एक पार राजिवड्यापर्यंत चालत गेलं होतं. माईकवर ज्या गुरुजींना बसवलं होतं, ते ओरडून ओरडून इतके थकले की दुसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

दादा दुपारी घरी आला आणि मागच्या पडवीत मी तांदूळ निवडत होते तिथं उभा राहिला.

"बाय, माईकवर बसशील?"

वहिनी आतून म्हणाली, "अहो, काय बोलताय? लोक काय म्हणतील? अजून वर्षश्राद्धसुद्धा व्हायचंय."

"ती आत मांडवात बसेल. लोकांना नुसता आवाज ऐकू येणार," दादा म्हणाला. "आणि घरात बसून तरी काय करतेय?"

मी बसेन म्हटलं. नाही म्हणायला काही कारण लागलं असतं, आणि ते शोधायचा मला कंटाळा होता. त्या दिवसांत मी कोण काय सांगेल ते करत होते. ऊठ म्हटलं की उठत होते, जेव म्हटलं की जेवत होते. नवरा बर्फाच्या कारखान्यात होता. कावीळ झाली आणि अकरा दिवसांत गेला. मी रडले नव्हते. बायका येऊन माझ्या गळ्यात पडून रडायच्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची.

फाटकातून आत आल्यावर डाव्या हाताला दादानं मांडव घातला होता. पुढं टेबल, त्यावर माईक, मागं ताडपत्रीचा पडदा आणि पडद्यामागं चार लोखंडी खुर्च्या. सापडलेल्या मुलांना तिथं बसवायचं. पडद्यामागं एक सुरूचं झाड होतं, म्हणून ती जागा थंड असायची.

दोन-तीन दिवसांत मला गर्दी कळू लागली. चार वाजता येतात ती हौशी माणसं, त्यांची मुलं हरवत नाहीत. ऊन उतरलं की किनाऱ्यावर बसलेली सगळी एकदम उठून आत येतात, आणि मग तासभर फाटकात माणूस पुढं सरकत नाही. पाळणा थांबून खाली माणसं उतरतात तेव्हा मुलं सुटतात. आई पाळण्यातून उतरलेलं पोर सांभाळत असते आणि खाली उभं केलेलं दुसरं पोर निघून जातं. मी दादाला सांगून पाळण्याला दोर बांधून घेतले, एका बाजूनं चढायचं आणि दुसऱ्या बाजूनं उतरायचं. माईकवरून सांगू लागले, मुलांच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवा, एकमेकांची चुकामूक झाली तर शोधत फिरू नका, फाटकाजवळच्या पांढऱ्या खांबापाशी येऊन उभे राहा.

माझा आवाज एकसुरी येत होता. गुरुजी ओरडले की आयांचे हातपाय गळायचे. मी बोलले की त्या शांतपणे मांडवाकडे यायच्या. फनफेअरचा मॅनेजर दादाला म्हणाला, "तुमच्या बहिणीचं डोकं फार थंड आहे." दादानं ते घरी येऊन कौतुकानं सांगितलं. मी ऐकून घेतलं. समोर मुलं आईला बिलगायची, आया त्यांना एक धपाटा घालून मग छातीशी धरायच्या. मी ते बघायची आणि वहीत पुढं खूण करायची, की हे गेलं.

पाचव्या की सहाव्या दिवशी एक फुगेवाला एका म्हातारीला हाताला धरून घेऊन आला. हिरवं लुगडं, हातात स्वतःच्याच वहाणा, आणि कमरेला फडक्याची गाठ. लांज्याकडच्या कुठल्याशा गावची होती. मुलगा मुंबईला नोकरीला होता. सुट्टीत आला होता आणि सगळ्यांना घेऊन चार-पाच दिवस रत्नागिरीत मेहुण्याकडं उतरला होता. मी मुलाचं नाव विचारून पुकारलं. दहा मिनिटांत तो धावत आला. पस्तिशीचा, टेरिकॉटची पँट, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला.

"आई, हात सोडू नको म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"सुटला रे," म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली. कुणी आणली नाही. पडदा बाजूला करून सरळ मागच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"काय हो आजी?"

"हरवलंय मी," ती म्हणाली.

"कालही हरवला होतात."

"आज पन हरवलंय." तिनं कमरेची गाठ सोडली. आत भाजलेल्या आठळ्या होत्या. एक सोलून मला दिली. "खा. आमच्या दारच्या फणसाच्या हायत."

मी खाल्ली. ती सुरूच्या बुंध्याकडं बघत बसली. मग आपणहून बोलू लागली.

"आत लय माणसं गो. माज्या छातीत धाप लागते. काल त्या पाळन्यात बसवलान मला. डोळे मिटून बसले. लेक विचारतो, आई, मजा आली ना? आली म्हटलं."

"मग घरीच बसायचं ना."

"कसं बसू? वर्सातून एकदा येतो तो. माज्यासाठी हे सगळं करतो. मी नाय म्हटलं की त्याचं तोंड उतरतं." तिनं दुसरी आठळी सोलली. "हरवले की जरा बसायला मिळतं."

अर्ध्या तासानं ती म्हणाली, "आता पुकार हवं तर." मी पुकारलं. तो आला. आज जरा जास्त चिडला होता. मी त्याला काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. त्या दिवसासारखी गर्दी मी त्या फनफेअरमध्ये पुन्हा पाहिली नाही. पाच वाजताच फाटकाशी रेटारेटी सुरू झाली. म्हातारी आली ती हाशहुश्श करतच. ओठ पांढरे पडले होते. मी तिला पाणी दिलं. ती पडद्यामागं जाऊन बसली आणि म्हणाली, "बाय, आज नको पुकारू. एक तासभर नको."

"बरं," मी म्हटलं.

मला तिची दया आली असं मला म्हणता आलं तर बरं वाटेल, पण तसं काही नव्हतं. तिनं सांगितलं आणि मी बरं म्हटलं, एवढंच.

पंधरा मिनिटांत मुलगा टेबलाशी आला. "आमची आई आली आहे का इथं?"

माझ्या डाव्या बाजूला पडद्याला फट होती. त्यातून म्हातारी दिसत होती. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली.

"नाही आल्या," मी म्हटलं.

"नक्की? दोन दिवस इथंच सापडतेय ती."

"आज नाही आल्या."

"मग पुकारा ना जरा. ऐकेल ती."

मी माईक सुरू केला. हिरवं लुगडं नेसलेल्या, हातात वहाणा घेतलेल्या आजी जिथं असतील तिथून त्यांनी मांडवाकडं यावं, त्यांचा मुलगा वाट बघतोय. असं मी तीनदा म्हटलं. माझ्यापासून दोन हातांवर बसून ती आजी ते ऐकत होती. आठळी सोलायची थांबली होती. तो आभार मानून गर्दीत शिरला. मी पुढच्या घोषणेकडं वळले. निळ्या फ्रॉकातली एक मुलगी आली होती, तिला आपलं आडनाव सांगता येत नव्हतं.

मग मी त्याला विसरले. खरंच विसरले. अकरा मुलं आली त्या संध्याकाळी. मध्ये एकदा पडद्याआड बघितलं तर म्हातारी खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती, तोंड जरा उघडं पडलं होतं. दिवे लागले तेव्हा सव्वा तास होऊन गेला होता.

सव्वा तास म्हणजे किती, हे मला पुष्कळ वर्षांनी गणपतीपुळ्याला कळलं. दिवाळीच्या सुट्टीतल्या गर्दीत दादाची धाकटी मुलगी वीस मिनिटं दिसेनाशी झाली होती.

तो परत आला तेव्हा त्याची पँट मांडीपर्यंत भिजलेली होती. पायांना काळी वाळू चिकटली होती, एका पायातली चप्पल गेली होती. मागं त्याची बायको दोन मुलींना घट्ट धरून रडत होती.

"बाई, पुन्हा एकदा पुकारता का?" त्याचा आवाज फाटला होता. "जेटीपाशी लोक सांगतात, कोण म्हातारी पाण्याकडं जाताना बघितली. भरती आहे. मी खडकांपर्यंत जाऊन आलो. काही दिसत नाही."

मी माईककडं हात नेला. तेवढ्यात पडदा हलला आणि म्हातारी बाहेर आली.

"मी हितंच हाय रे."

तो तिच्याकडं बघतच राहिला. मग माझ्याकडं वळला. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही नाही म्हणालात," तो म्हणाला.

"हो."

तो थांबला. मी पुढं काहीतरी बोलेन असं त्याला वाटलं असावं. मग तो तिथंच, टेबलासमोर, जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून मुलासारखा रडायला लागला. फाटकातून येणारी माणसं त्याला वळसा घालून जात होती. म्हातारी त्याच्याजवळ खाली बसली आणि पदरानं त्याच्या पायांची वाळू पुसू लागली.

"तिला नको बोलू. मीच सांगितलं व्हतं. मला गर्दी सोसवत नाय रे बाबा."

"मग सांगायचं ना मला!"

"सांगितलं असतं तर तू पन घरी बसला असतास. पोरींनी काय करायचं?"

"आई, मी तुला पाण्यात शोधत होतो."

ती पाय पुसत राहिली. सून पुढं आली, सासूच्या खांद्याला हात लावून "चला" म्हणाली, आणि ती सगळी निघाली. तो अनवाणीच गेला. राहिलेली एक चप्पल टेबलापाशीच पडून होती. फाटकाशी म्हातारीनं वळून माझ्याकडं बघितलं, पण मध्ये माणसं आली.

मी निळ्या फ्रॉकवाल्या मुलीचं वर्णन पुन्हा सांगायला घेतलं. आवाज नेहमीसारखाच आला.

दादाला हे फुगेवाल्याकडून कळलं. घरी जाताना तो माझ्या चार पावलं पुढं चालत होता. ओटीवर आल्यावर म्हणाला, "बाय, तो बुडाला असता तर?"

मी पायरीवर चपला काढल्या.

"तुला काही वाटतं की नाही?"

रागानं विचारलं होतं, पण मी तो प्रश्न खरा धरला. थोडा वेळ स्वतःकडं बघितलं. "नाही," मी म्हटलं. "मला काही वाटत नाही, दादा. खूप दिवस झाले."

तो माझ्याकडं बघत उभा राहिला. मग आत गेला आणि वहिनीला म्हणाला, "हिला आधी वाढ." वहिनीनं ताट घेतलं. मी जेवत असताना ती समोर बसून होती. एरवी माझ्या पानाकडं तिचं लक्ष असायचं, त्या दिवशी माझ्या तोंडाकडं होतं. "वन्सं, उद्या नाही गेलात तरी चालेल," ती म्हणाली. मी जाईन म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दादाकडं आणखी दहा खुर्च्या मागितल्या. त्यानं कशाला ते विचारलं नाही. सुरूच्या झाडाखाली त्या मांडल्या, पाण्याचं पिंप ठेवलं, आणि माईकवरून सांगितलं की ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांनी मांडवामागं येऊन बसावं, घरच्यांना तसं सांगून यावं. मॅनेजर कुरकुरला, माणसं बसून राहिली तर खेळ कोण बघणार. पण दादा त्याच्याशी भांडला. मला वाटलं होतं म्हाताऱ्या येतील. आल्या त्या बहुतेक अंगावर पाजणाऱ्या बाया. एक दम्याचा माणूस रोज यायचा, त्याची चार मुलं सगळे खेळ खेळून येईपर्यंत डोळे मिटून बसायचा. एक नवी नवरी आली, हिरवा चुडा भरलेली. तासभर बसली, कुणाशी बोलली नाही, नवरा न्यायला आला तेव्हा उठून गेली.

लांज्याची ती माणसं पुन्हा आली नाहीत. दिवस संपले असतील, गावी गेली असतील. त्या मुलाची माफी मागायला हवी होती हे मला तेव्हाही समजत होतं. समजत होतं, पण ते उमटत नव्हतं. आज तो भेटला तर मी काय बोलेन ते मला ठाऊक आहे. तो आता म्हातारा असेल.

मे संपत आला तशी एसट्या उलट्या दिशेनं भरून जाऊ लागल्या. मैदान ओसरलं. पाळण्याच्या पेट्या उतरवून ट्रकमध्ये चढवल्या, घोडे गोणपाटात बांधले. दादानं मांडव सोडला, मी खुर्च्या मोजून एकात एक घातल्या. ताडपत्रीची घडी घालताना त्यानं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "गणपतीत एसटी स्टँडवर पण अशीच झुंबड असते. तिथं माईक लावायचं काम मिळेलसं दिसतंय. येशील?"

"येईन," मी म्हटलं.

आम्ही दोघांनी टोकं जुळवली, झटकली, आणि घडी हातगाडीवर टाकली.