मुद्देमालाची मोटारसायकल

तो हिवाळा आठवला की आजही आधी एक मोटारसायकल डोळ्यांपुढे येते आणि मग तिच्यापाशी उकिडवा बसलेला आरोपी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. एका शिक्षकाची मोटारसायकल आठवडी बाजारातून चोरीला गेली आणि पिंगळी स्टेशनाजवळ एका मेकॅनिककडे सापडली. मेकॅनिक जामिनावर सुटला. दर सोमवारी ठाण्यात हजेरी द्यायची, ही अट. गाडी मात्र सुटली नाही. मुद्देमाल म्हणून ती आवारातल्या लिंबाखाली उभी राहिली. कापसाच्या बैलगाड्यांनी दिवसभर धूळ उडायची, पहाटे दहिवर पडायचं. हवालदारांनी तिच्यावर ताडपत्री करकचून बांधली आणि आम्ही तिला विसरलो.

एके दिवशी समोरच्या चहावाल्या काकू म्हणाल्या, "सायेब, तुमच्या ठाण्यातच चोर शिरायलाय. दर सोमवारी गाडीचं पांघरूण काढून कायतरी करायलाय बगा."

मी लगेच जाऊन पाहिलं. चाकं विटांवर टेकवलेली, सायलेन्सरच्या तोंडात चिंधी, चेनला एरंडेल. ताडपत्री खालून सैल, वारा खेळेल अशी. हवालदारांचा चेहरा उतरला. "सायेब, ही गाठ माझी न्हाई."

सोमवारी आम्ही मेकॅनिकला गाडीपाशीच धरलं. मुद्देमालाला हात लावणं म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ. जामीन रद्द होऊन तो त्याच दिवशी तुरुंगात गेला असता.

"कोणता पार्ट काढलास?"

"मी पार्ट काढीन व्हय? तुमच्या ताडपत्रीखाली गाडीला घाम सुटायलाय, सायेब. रिमला गंज धरला व्हता."

"मग सांगायचं होतंस."

"दोनदा सांगितलं हवालदारसायबांना. म्हणले, सही कर अन् नीघ."

हवालदार ताडपत्रीची गाठ चाचपू लागले.

"आत जाशील, कळतंय का?"

"कळतंय की. चोरीचं कोर्ट बघंल. पर गाडीनं काय गुन्हा केलाय?"

मी शिक्षकांना बोलावलं. पंचांसमक्ष एकेक भाग तपासला. काहीही गेलेलं नव्हतं. गुरुजी टाकीवरून हात फिरवत म्हणाले, "एवढी जपायची होती तर चोरली कशाला रे बाबा?"

हवालदार माझ्या कानाशी लागले. "कागदावर नका आणू सायेब. अब्रू आपलीच जाईल."

जाऊ दे अब्रू, म्हटलं. सरकारच्या ताब्यात वस्तू कुजते आणि सरकार वहीत 'सुस्थितीत' लिहितं, हे मला मान्य नव्हतं. गाठीपासून एरंडेलापर्यंत सगळं लिहून मी अहवाल कोर्टात दिला.

न्यायाधीशांनी तो वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गाडी जपायचं हे काम कुणाचं होतं?"

"माझं, साहेब."

आरोपीला समज मिळाली, जामीन राहिला. गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, गुरुजींच्या ताब्यात गेली.

पुढे चोरी सिद्ध झाली आणि त्याने शिक्षा भोगली. ते योग्यच झालं. पण माणसाने एक वाईट काम केलं की त्याचं बाकी सगळं वाईट, असं मी तोवर धरून चाललो होतो. तो समज त्या हिवाळ्यात गेला. नंतर बदली होऊन कुठल्याही ठाण्यात गेलो, तरी खुर्चीवर बसण्याआधी आवारात जायचो आणि तिथल्या प्रत्येक गाडीवरचं पांघरूण स्वतः उचलून पाहायचो.