पिवळ्या पिशवीतले निर्माल्य

कचऱ्याच्या डब्यात चुकीची पडलेली वस्तू चिमट्याने उचलायची आणि ज्याची त्याला परत नेऊन द्यायची, ही मेट्रन सुलभाताईंची रीत. पनवेलच्या आमच्या धर्मादाय रुग्णालयात मी त्यांना प्रथम पाहिले ते अशाच प्रसंगी. एका बड्या सर्जनपुढे सलाइनची नळी धरून त्या म्हणत होत्या, "साहेब, ही आपलीच ना? लाल पिशवीत टाकली असतीत, तर वितळवून पुन्हा कामी आली असती. आपल्या हातून एवढं तरी बरं व्हावं!"

मी निवृत्त संस्कृत शिक्षक. रुग्णालयाच्या आवारातल्या गणपतीची पूजा करीत असे. बागेत काम करणारी हिराबाई निर्माल्य नेई आणि त्याचे खत झाडांना घाली. विश्वस्तांना ही व्यवस्था फारच साधी वाटली. वर्धापनदिनी त्यांनी 'हरित रुग्णालय' असा भला मोठा प्लास्टिकचा फलक लावला आणि निर्माल्यासाठी पिवळ्या पिशव्या आणवल्या. "पिवळा म्हणजे हळदीचा, मंगल रंग," असे वर निरूपणही केले.

"साहेब, आमच्याकडे पिवळ्या पिशवीतून कापलेलं अपेंडिक्स भट्टीला जातं," सुलभाताई म्हणाल्या. "गणपतीला हा शेजार चालेल का, विचारलंत?"

विश्वस्त हसले. अज्ञानाला अधिकाराची जोड मिळाली की ते असेच प्रसन्न हसते.

व्हायचे तेच झाले. वॉर्डातली एक पिवळी पिशवी चुकून देवळापाशी राहिली. फुलेच असणार म्हणून हिराबाईने आत हात घातला आणि रक्ताळलेल्या कापसात कोणी निष्काळजीपणे टाकलेली सुई तिच्या बोटात रुतली. सुलभाताईंनी स्वतः तिचा हात नळाखाली धरला, औषध सुरू करवले.

"बाय, मना काय व्हनार नाय ना?"

सुलभाताईंनी नळ बंद करून तिचे बोट हलकेच पुसले. सुईतून काही रोग आला नाही ना, हे कळायला रक्ताच्या तपासण्या काही महिने चालणार होत्या.

विश्वस्तांनी देवळात येऊन सुलभाताईंना फर्मावले, "मावशींनी हातमोजे घातले नव्हते, असा अहवाल द्या."

"देते ना! देवाची फुलं उचलणाऱ्या बाईनं चिलखत घालून यावं, असंच लिहिते."

देवासमोर विश्वस्तांचा अपमान केला, या आरोपावरून सुलभाताईंना घरी बसवण्यात आले. हिराबाईच्या बोटात सुई रुतली, त्याने मात्र कोणाचाही अपमान झाला नव्हता!

पुढे प्रत्येक तपासणीला सुलभाताई रिक्षाने येत आणि परक्यासारख्या बाहेरच्या बाकावर हिराबाईशेजारी बसत. शुचिता पूजेच्या आधी येते, हे मी वर्षानुवर्षे शिकवले. आचरणात पाहिले ते त्या बाकावर.

शेवटचा अहवाल निर्दोष आला. हिराबाई रडतरडत म्हणाली, "बाय, गनपतीला नारल फोडू?"

"फोड," सुलभाताई म्हणाल्या. "पण करवंटी कुठं टाकणार, ते आधी सांग."