साहेब चहा घेत नाहीत

आमच्या खात्यातली चार जुनी माणसं एकत्र आली की ताटं वाढून तशीच राहतात आणि किस्से सुरू होतात. वजन-मापांचं खातं म्हणजे रुक्ष काम, असं लोकांना वाटतं. पण ज्या खात्याचा माणूस दिसला की अख्खी पेठ तोंड वाकडं करते, तिथे किस्से पोत्यातल्या किड्यांसारखे होतात. कोणी आणून टाकत नाही, आपोआप होतात.

मी सातारा जिल्ह्यात कारकून होतो, लढाई आणि रेशनिंगच्या दिवसांत. आमचे इन्स्पेक्टर दातार साहेब. दुकानदारांची मापं सरकारी मापांशी ताडून पाहायची, खरी निघाली तर शिक्का मारायचा, खोटी निघाली तर जप्त करायची, एवढंच आमचं काम. साहेबांचा मात्र एक नियम होता. ज्याचं माप तपासायचं, त्याच्याकडे चहासुद्धा घ्यायचा नाही. "खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, भाऊसाहेब. त्यापेक्षा मीठच नको," असं ते मला सांगायचे. नियम त्यांचा, उपाशी मी!

आणि याच माणसाची नोकरी पुढे एका निनावी अर्जापायी जायची वेळ आली. इन्स्पेक्टर व्यापाऱ्यांकडून तुपाचे डबे उकळतात, असा अर्ज. साहेबांना लग्नाच्या तीन मुली होत्या. त्या अर्जाचं काय झालं ते सांगतोच, पण आधी माणूस कळायला हवा.

*

कराडला सरकारने आम्हाला कचेरीसाठी जागा दिली नव्हती. पेठेतल्या एका शेठजींनी आपली खोली फुकट वापरायला दिली होती. आधीचे इन्स्पेक्टर तिथेच बसायचे आणि शेठजींचं माप कधी तपासलं जायचं नाही. खोली कशाला फुकट होती ते आता कळलंच असेल.

दातार साहेबांनी रुजू झाल्यावर पहिली धाड घातली ती शेठजींवरच. मापाच्या तळाला बोटभर लाख ओतलेली निघाली. माप जप्त झालं. शेठजींनी संतापून आमच्या खोलीला कुलूप ठोकलं. आम्ही मामलेदार कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसू लागलो.

आठवड्याने शेठजी नवं माप घेऊन आले. शिक्क्याशिवाय विक्री बंद, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात चाललेलं.

"शिक्का मारा साहेब, लय खोळंबा झालाय."

"मारतो की," साहेब म्हणाले. "पण शिक्के तुमच्या कुलपात आहेत."

शेठजींनी स्वतः येऊन कुलूप काढलं. त्याच दिवशी साहेबांनी शिक्क्यांची पेटी उचलून मामलेदार कचेरीमागच्या गळक्या खोलीत बस्तान हलवलं. पावसाळ्यात मी छत्री उघडून लिहीत असे.

*

धान्य मोजताना आपल्याकडे पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. एका बाजारात एक मापाडी असा सुरात गायचा की 'लाभ' लांबवता लांबवता शेतकऱ्याची दोन-दोन मापं त्यातच जायची.

साहेबांनी हुकूम काढला, उद्यापासून 'एक' म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सगळे मापाडी हात बांधून बसले. 'एक' म्हणणं अशुभ! दुपारपर्यंत बाजार ठप्प. पोती तशीच, बैल तसेच. शेवटी साहेब नमले.

"बरं, 'लाभ' म्हणा. पण एकदाच म्हणा."

तो मापाडी लांब चेहरा करून म्हणाला, "एकदाच लाभ झाला तर खायाचं काय, साहेब?"

*

पूर्वेकडच्या दुष्काळी भागातला दौरा, उन्हाळा. तिथल्या एका व्यापाऱ्याने ताकाचा तांब्या पुढे केला. साहेबांनी हात जोडले. मी तांब्याकडे पाहिलं, साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मीही हात जोडले.

गावाबाहेर विहीर होती. काठावर पोहरा, दोर सगळं होतं.

"दोर कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

दोर व्यापाऱ्याचा होता. मग काय, साहेबांनी वजनांच्या पेटीची दोरी सोडली, आपल्या तांब्याला बांधली आणि घोटघोट पाणी वर काढू लागले. व्यापारी मागोमाग आला होता. तो हे सगळं शांतपणे बघत राहिला. आमचं निम्मं पिऊन झाल्यावर म्हणाला, "आवं साहेब, हीरबी माझ्याच आज्यानं खांदलीया."

साहेबांचा तांब्या हवेतच थांबला. मी मात्र माझा घोट गिळून टाकला.

*

धान्य विकणाऱ्या एका म्हातारीने मापावर शिक्का मारून घेताना साहेबांना विचारलं, "आमची मापं तुमी बघता. तुमची कोन बघतं?"

"पुणं बघतं."

"आन् पुण्याची?"

"मुंबई."

"आन् मुंबईची?"

"विलायत, आजी."

म्हातारी माप उचलून गेली. स्वराज्य आल्यावर पुढच्या खेपेला तिने पहिला प्रश्न हाच केला, "आता विलायतीचं काय?"

"आता दिल्ली."

"बरं झालं," ती म्हणाली. "भांडाय जायाला जवळ पडंल."

*

मग सांगली संस्थान विलीन झालं आणि तिथली पेठही साहेबांकडे आली. वर्षभरातच तो अर्ज गेला. चौकशीला पुण्याहून एक वरिष्ठ अधिकारी आले. सरकारी बंगल्याची दुरुस्ती चालली होती, म्हणून मगदूम आण्णांच्या हळदीच्या पेढीवर चौकशी बसली. आण्णा पेठेतले सगळ्यात वजनदार अडते. साहेबांनी त्यांचे काटे दोनदा जप्त केले होते. ते काय बोलणार, हे मी मनात धरूनच चाललो होतो.

साहेब बाहेर पायरीवर बसले होते. आत मी जबान्या लिहून घेत होतो.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "आण्णा, दातारांना तूप दिलंत?"

"तूप?" आण्णा उसळले. "आवं, ह्या मानसाबद्दल माझी तक्रार हाय ती ल्ह्या आधी. माझ्या पोरीच्या लग्नात आला, अक्षता टाकल्या, आन् पान न खाता गेला. चहा न्हाई, पानी न्हाई, सुपारीचं खांडबी न्हाई. आमच्या घरचं इख हाय व्हय? पावन्यात मान खाली गेली माझी."

त्यांच्या मागे बसलेले सगळे व्यापारी माना डोलवू लागले. "माझ्याकडंबी असंच," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "माझ्याकडं सत्यनारायनाचा परसादबी पुडीत बांधून घेतला आन् वाटंत एका पोराला दिला."

मी भराभर लिहीत होतो. डोळ्यांत पाणी आलं होतं, अक्षरं दिसेनात. आत तक्रारींचा पाऊस पडत होता आणि एकेक तक्रार साहेबांना सोडवत होती.

शेवटी आण्णा हात जोडून म्हणाले, "ह्यास्नी बदला साहेब. तुमच्यावानी मानूस धाडा. तुमी बगा, सकाळधरनं माझ्याकडं तीन येळा चहा घेतला, दुपारी पुरनपोळीला येताय. कसं घरच्यावानी वाटतंय."

अधिकाऱ्यांच्या हातातली बशी ओठांपाशीच थांबली. त्यांनी ती हळूच खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, दाराबाहेरच्या पायरीकडे पाहिलं. मग कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं.

"आण्णा, चहाचे किती झाले?"

आण्णांनी कपाळावर हात मारला आणि मागे वळून पेठेला म्हणाले, "घ्या! आता ह्यांची तक्रार कुनाकडं करायची रं?"