आईच्या कबरीचा चुना

ईस्टरच्या आदल्या दिवशी बदलापुरात पपांच्या कबरीला चुना लावायला बसलो. ओल्या चुन्याचा वास नाकात शिरला आणि मी वीसेक वर्षं मागे, अंबरनाथच्या जुन्या कब्रस्तानात जाऊन पोचलो.

त्या वर्षी पपांनी जुनं चर्च सोडलं होतं. एमआयडीसीजवळ भाड्याच्या गाळ्यात नव्या लुथरन पंथाच्या मंडळीची उपासना सुरू झाली होती. उल्हासनगर, बदलापूरहूनही घरं येऊन मिळत होती. पपा खुशीत होते. पण आई आधीच गेलेली, आणि तिची कबर जुन्या चर्चच्या जागेत.

दरवर्षीसारखे ते बादली घेऊन तिच्यापाशी बसले. क्रूस निम्मा पांढरा झाला, तेवढ्यात मामा आले. आईचे सख्खे भाऊ, जुन्या चर्चचे पंच.

"दाजी, उठा. ताईचा चुना आता आम्ही लावू. तुम्ही तिकडचे झालात."

"निम्मा झालाय रे. पुरा तरी करू दे."

मामांनी नुसता हात पुढे केला. पपांनी ब्रश दिला आणि पांढरी बोटं पँटला पुसत राहिले.

तेव्हा मला मामांचा राग आला होता. आता पपांचाही येतो; आईला तिथे सोडून ते इकडे आले.

आज आमची मंडळी तिन्ही गावांत आहे. बदलापूरला स्वतःचं कब्रस्तान आहे, त्यातली पहिली कबर पपांची. शेजारची जागा त्यांनी जाण्याआधी हट्टाने मोकळी ठेवायला लावली. आई तिथे येणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं.