अध्यक्ष राही

नूतनबाई आमच्या शाळेत मुलांना पुढारपण शिकवायच्या. तासावर पगार, त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत त्यांना कोणी मोजत नसे. मी मात्र मोजायचो, कारण आमच्यात ताठ कण्याचं माणूस ते एकच.

आधी त्या नवी मुंबईत एका कंपनीच्या ऑफिसात होत्या. आपल्याकडची पोरं कामात वाघ, पण मीटिंगमध्ये साहेबासमोर तोंडात मिठाची गुळणी, मग बढती दुसराच घेऊन जातो, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं. नागावला घरी परतल्या आणि चौलजवळच्या आमच्या शाळेत त्यांनी नववीची शनिवारची सभा सुरू केली. दर वेळी नवा अध्यक्ष. त्याने घंटी वाजवली की बोलणाऱ्याने बसायचं, मग तो कोणी का असेना. खुद्द बाईही अर्ध्या वाक्यात बसलेल्या मी पाहिल्यात.

स्नेहसंमेलनाची सभाही नववीच चालवेल, हे बाईंनी हट्टाने मंजूर करून घेतलं. अध्यक्ष होती राही, भातशेती करणाऱ्या घरातली. प्रमुख पाहुणे संस्थेचे चेअरमन, कोंडाजीशेठ. शेठचं भाषण म्हणजे मारुतीचं शेपूट. लहान पोरं उन्हात सुकत होती. राहीने घंटी वाजवली. शेठ हसले आणि पुढे बोलू लागले. तिने पुन्हा वाजवली.

"आजोबा, तुमची येल संपली. बसा आता."

शेठ बसले, पण थेट गाडीत जाऊन. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक गणराज सरांनी बाईंना बोलावलं. मीही तिथेच होतो. राहीने माफी मागावी, नाहीतर जूनपासून बाईंनी येऊ नये, असा शेठचा निरोप होता.

"ती अध्यक्ष होती, सर. तिने माफी कशाची मागायची?"

"बाई, लहान पोर आहे. एक शब्द बोलेल आणि विसरेल."

"ती विसरणार नाही. म्हणूनच मागणार नाही."

बाहेर राही रडत उभी होती. "बाई, मागते मी माफी. माझ्यापायी तुमची नोकरी जाईल."

"तू माफी मागितलीस तर नोकरी राहील गं. पण मग मी वर्गात येऊन काय शिकवू?"

जूनमध्ये बाईंना बोलावणं गेलं नाही. मी सरांशी कडाकडा भांडलो. उपयोग शून्य.

पहिल्याच शनिवारी शेवटच्या तासाला दहावीच्या वर्गातून आवाज आला, म्हणून सर आणि मी बघायला गेलो. बाकं गोल मांडलेली. शिक्षकांच्या खुर्चीत राही. फळ्यावर सभेचा विषय लिहिलेला: नूतनबाईंना परत आणणे.

"कोणाच्या परवानगीने चाललंय हे?" सरांनी आवाज चढवला.

राही खुर्चीतून उठली नाही. "सर, बोलायचं असंल तर हात वर करा. आता साहिल बोलतोय. त्याच्यानंतर तुमची पाळी."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. सरांनी दारातूनच हात वर केला.