मडफ्लॅपचं फिटिंग

नव्या गाडीला मडफ्लॅप बसवून द्यायचे शोरूमवाल्यांनी पाचशे रुपये वेगळे सांगितले.

"चार स्क्रूंचे पाचशे? मी बसवतो," बाबा म्हणाले. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये त्यांचं आयुष्य गेलं होतं.

ते तिथेच चाकाशी गुडघे टेकून बसले. पण हात थरथरत होता, स्क्रूड्रायव्हर खाचेत ठरेना. दोनदा स्क्रू खाली पडला, दोन्ही वेळा मी उचलून दिला. मग त्यांनी तो माझ्याच हातात ठेवला.

"देऊन टाक त्यांना पैसे."

मेकॅनिकने पाच मिनिटांत काम संपवलं. बाबा त्याच्या बोटांकडे बघत राहिले. हातातलं कसब गेल्याचं माणसाला असं भर दुपारी, लोकांसमोर कळावं?

पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. बाबा खुर्चीतून उठलेच नाहीत.

"कुणाला तरी बोलाव," म्हणाले.